‘काय खाल्लंत?’ हा प्रश्न आता पुरे

ब्रेसेस लावलेल्या कोणालाही विचारून पाहा. ब्रॅकेट निघालं म्हणून खुर्चीत जाऊन बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय खाल्लंत?" चकली? शेंगदाण्याची चिक्की? कणीस दातांनी सोलून खाल्लं का? तुम्ही ‘नाही हो’ म्हणता, समोरची भुवई वर जाते, आणि मग तुम्ही स्वतःच आठवायला लागता. परवा ऑफिसात कुणीतरी डिंकाचे लाडू आणले होते, त्यातला डिंक जरा कडक होता बहुतेक... झालं. गुन्हा कबूल. पुन्हा चिकटवायचे पाचशे रुपये काउंटरवर द्या आणि निघा.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या दातावर आधीच फिलिंग आहे, कॅप आहे, किंवा जो दात मुळातच वेगळा घडलेला आहे, त्यावरचं ब्रॅकेट निघालं तर पेशंटच्या जेवणाची झडती घेण्याआधी डॉक्टरांनी एका प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं: या दाताचा पृष्ठभाग कशाचा आहे, आणि तो बघून तुम्ही वेगळं काय केलंत? हे उत्तर मिळत नसेल तर ते पाचशे रुपये पेशंटने का द्यायचे, हे मला कळत नाही.

कडक खाल्ल्याने ब्रॅकेट निघतं, हे खरंच आहे. त्यावर वाद नाही. बर्फ चावणाऱ्यांबद्दल, पेनाचं टोपण चघळणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही. चिकटवताना थुंकी लागली किंवा खालचा दात वरच्या ब्रॅकेटवर आपटत असेल तरीही ते निघतं. पण जेव्हा तोंडातली इतर सगळी ब्रॅकेट्स वर्षभर जागेवर राहतात आणि एकाच दातावरचं तीन-तीनदा निघतं, तेव्हा चिक्कीला जबाबदार धरणं हे विचार न करण्याचं लक्षण आहे. चिक्की काही दात निवडून हल्ला करत नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण वीसपैकी एकच सर्व्हर वारंवार बंद पडत असेल तर युजरने काय टाईप केलं हे आम्ही विचारत बसत नाही. त्या एका सर्व्हरमध्ये वेगळं काय आहे ते बघतो. एवढं तर्कशास्त्र दवाखान्यातही चालायला हरकत नसावी.

आता हे ब्रॅकेट चिकटतं कसं ते बघू, कारण सगळं भांडण तिथेच आहे.

१९५५ साली मायकेल बुओनोकोर या अमेरिकन संशोधकाने एक साधी गोष्ट करून पाहिली. कारखान्यांत धातूवर रंग नीट बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावतात, हे त्याला माहीत होतं. त्याने तेच दाताच्या एनॅमलवर लावलं, ८५ टक्के तीव्रतेचं, ३० सेकंद. एनॅमल म्हणजे जवळजवळ पूर्ण खनिज, घट्ट बांधलेल्या बारीक कांड्यांचं. अ‍ॅसिडने त्या कांड्यांमधलं थोडं थोडं खनिज विरघळतं आणि डोळ्यांना न दिसणारी लाखो भोकं पडतात. त्यांत पातळ रेझिन शिरतं, आत घट्ट होतं आणि अडकून बसतं. गोंदाने कागद चिकटतो तसं हे नाही. झाडाची मुळं भिंतीत शिरतात तसं आहे. १९६५ च्या सुमाराला जॉर्ज न्यूमनने याच युक्तीने ब्रॅकेट थेट दातावर चिकटवण्याबद्दल लिहिलं. त्याआधी प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं ठोकून बसवायचे, म्हणजे तोंडभर लोखंड. आज अ‍ॅसिड साधारण ३७ टक्क्यांचं असतं, १५ ते ३० सेकंद लावतात, धुतात, वाळवतात. दात खडूसारखा पांढरा दिसला की समजायचं, भोकं पडली. मग रेझिन, ब्रॅकेट, निळा लाईट, पुढचा दात.

ही कृती सुंदर आहे. साठ-सत्तर वर्षं टिकली ती उगीच नाही. पण तिचा सगळा भार एकाच गृहीतकावर आहे: अ‍ॅसिडखाली निरोगी एनॅमल आहे.

आणि ते नसलं तर?

पोर्सिलेनच्या कॅपवर फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावा. काही होत नाही. वरची घाण निघते, बस. जुन्या कॉम्पोझिट फिलिंगवर लावा, तेच. धातूवर, तेच. झिर्कोनियावर तर विचारूच नका. म्हणजे डॉक्टरांनी ३० सेकंद मोजले, धुतलं, वाळवलं, लाईट मारला, सगळे सोपस्कार झाले आणि ब्रॅकेट बसलंय गुळगुळीत काचेवर. संध्याकाळची पोळीसुद्धा ते काढू शकते.

माझा वरचा डावीकडचा पुढचा दात सहावीत असताना सायकलवरून पडून अर्धा तुटला. गावातल्या डॉक्टरांनी कॉम्पोझिटने तो इतका छान बांधून दिला की कॉलेजात कुणाला कळलंही नाही. सव्विसाव्या वर्षी, नोकरीतले पैसे साठवून, मी ब्रेसेस लावल्या. त्या दातावरचं ब्रॅकेट पाच महिन्यांत चारदा निघालं. चारही वेळा तोच प्रश्न, चारही वेळा तेच अ‍ॅसिड, चारही वेळा तेच पाचशे. चौथ्या वेळी तर मला "आहारावर नियंत्रण ठेवा" असं छापलेलं पत्रक हातात दिलं. पाचव्या खेपेला नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर होते. नुकत्याच शिकून आलेल्या एका मुलीने दातावर हवा मारली, आरसा फिरवला आणि मला विचारलं, "हा दात तुमचाच आहे का?" मी म्हटलं, अर्धा. तिने बारीक कणांचा फवारा मारून तो भाग खरखरीत केला, कसलंसं प्रायमर लावलं आणि ब्रॅकेट बसवलं. पाच मिनिटं जास्त लागली असतील. ते ब्रॅकेट उपचार संपेपर्यंत हललं नाही. त्या काळात मी चकली, चिक्की, सगळं खाल्लं. मुद्दाम नाही, दिवाळी होती.

तिने जे केलं त्यात गुपित काही नाही. ब्रेसेसच्या पाठ्यपुस्तकांत यावर अख्खी प्रकरणं आहेत. कॉम्पोझिट जुनं झालं की त्यात नव्या रेझिनशी हातमिळवणी करणारे मोकळे बंध फारसे उरत नाहीत, म्हणून ते बर फिरवून किंवा ५० मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईडच्या कणांनी खरखरीत करायचं. पोर्सिलेन असेल तर वरची चकाकी उतरवायची, मग ९.६ टक्क्यांचं हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड दोनेक मिनिटं, मग सिलेन नावाचं रसायन, जे एका हाताने काच धरतं आणि दुसऱ्या हाताने रेझिन. हे अ‍ॅसिड खतरनाक आहे. हिरडीला लागलं तर जाळतं, म्हणून आधी हिरडी नीट झाकावी लागते. झिर्कोनियात काचच नसते, त्यामुळे तिथे हायड्रोफ्लोरिकचा उपयोग नाही. तिथे कणांचा फवारा आणि एमडीपी हा घटक असलेलं प्रायमर लागतं. सोनं, स्टील किंवा गालाकडच्या बाजूला भरलेली चांदी असेल तर पुन्हा फवारा आणि धातूचं प्रायमर. (चांदी फक्त दाढेच्या वरच्या खड्ड्यात असेल तर घाबरू नका. दाढेवरची नळी गालाकडच्या बाजूला चिकटते, तिचा वरच्या खड्ड्याशी संबंध येत नाही.) आणि दाढेवर काहीच जमत नसेल तर जुनं धातूचं कडं आहेच. ते दिसायला राकट असतं, पण काम करतं.

म्हणजे माहिती आहे, आणि साधनंही काही चंद्रावरून आणायची नाहीत. मग अडतं कुठे?

पहिलं उत्तर मला सापडलं ते एका आकड्यात. ब्रॅकेट किती घट्ट असावं याबद्दल कुठलाही शोधनिबंध उघडा, ‘६ ते ८ मेगापास्कल’ हा आकडा भेटतो. तो येतो १९७५ च्या रेनल्ड्सच्या एका आढावा लेखातून. तिथे तो ५.९ ते ७.८ असा आहे. मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन. पुढच्या दाताच्या ब्रॅकेटची पाठ साधारण दहा चौरस मिलिमीटर धरली, तर ते उपटायला ६ ते ८ किलो वजनाइतका जोर लागायला हवा. ठीक. पण हा जोर मोजतात कशावर? बहुतेक वेळा काढलेल्या उपदाढांवर. कारण ब्रेसेससाठी जागा करायला किशोरवयीन मुलांच्या निरोगी उपदाढा काढतात आणि त्या प्रयोगशाळेला सहज मिळतात. निवडीची अट ठरलेली: कीड नको, फिलिंग नको, चीर नको, एनॅमलमध्ये दोष नको. मग तो दात प्लास्टरमध्ये गाडायचा, ब्रॅकेट चिकटवायचं आणि यंत्राच्या पात्याने ढकलून पाडायचं.

आता गंमत बघा. गोंदाच्या डब्याबरोबर येणारी ३० सेकंदांची कृती या निर्दोष उपदाढेवर सिद्ध होते. आमच्याकडे याला एक कुप्रसिद्ध वाक्य आहे: ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’ डेव्हलपरच्या लॅपटॉपवर चालतं, गिऱ्हाइकाच्या फोनवर पडतं, आणि डेव्हलपर म्हणतो की गिऱ्हाइकाने काहीतरी चुकीचं दाबलं असणार. फरक इतकाच, की आमच्याकडे हे वाक्य विनोद म्हणून कपावर छापतात. दवाखान्यात ते बिल होऊन येतं.

संशोधकांची बाजू घेऊन सांगायला हवं, की पोर्सिलेनवर, जुन्या कॉम्पोझिटवर, फ्लोरोसिसच्या दातांवर वेगळे अभ्यास झालेत. फ्लोरोसिसवर तर भारतातल्या डेंटल कॉलेजांत ढिगाने प्रबंध आहेत. पण ते ‘विशेष परिस्थिती’ या कप्प्यात जातात. मुख्य कृती निरोगी दाताची, बाकी सगळे अपवाद. आणि अपवाद या शब्दाची एक सोय असते. त्याकडे नंतर बघता येतं.

पण खुर्चीत बसतंय कोण? ब्रेसेस म्हणजे नववीतल्या मुलांचं प्रकरण, हे चित्र जुनं झालं. हिंजवडी, खराडी, ऐरोलीच्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये बघा, पंचविशी-तिशीतली माणसं तारा लावून डबा खाताना दिसतील. लहानपणी घरी परवडलं नाही म्हणून राहिलेलं काम आम्ही आता आमच्या पगारातून करतोय. आणि पंचविशी-तिशीतलं तोंड कोरं नसतं. एखादी रूट कनाल, वर कॅप. पुढच्या दाताला क्रिकेटच्या चेंडूची आठवण. दोन-तीन फिलिंगं. आम्ही अपवाद नाही, तुमच्या अपॉइंटमेंटच्या वहीतली रोजची नावं आहोत.

दुसरी गोष्ट महाराष्ट्रातल्या पाण्याची.

माझा एक मित्र यवतमाळ जिल्ह्यातला. त्याचे पुढचे दात तपकिरी पट्ट्यांचे, मधूनमधून खड्डे पडलेले. कॉलेजात पहिल्या दिवशी कुणीतरी त्याला तंबाखू खातो का विचारलं. त्याने आयुष्यात सुपारी खाल्लेली नाही. "आमच्या गावात सगळ्यांचेच असे आहेत बे, बोअरचं पाणी," एवढंच तो म्हणाला आणि नंतर फोटोत ओठ मिटून हसायला शिकला. पाण्यात फ्लोराईड किती चालेल याची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड इथल्या कित्येक गावांत जमिनीखालचं पाणी ती ओलांडतं. पुढचे कायमचे दात हाडाच्या आत घडतात ते साधारण आठ वर्षांच्या आत, आणि त्या वर्षांत पोटात गेलेलं जादा फ्लोराईड एनॅमलची घडण बिघडवतं. नंतर ब्रश घासून ते जात नाही.

हे काही आजचं कोडं नाही. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला आणि गावातल्या पोरांचे तपकिरी दात बघून चक्रावला. डुकराचं मांस जास्त खाल्ल्याने, वाईट दुधाने, असे तर्क लोक करत. म्हणजे तेव्हाही पहिला प्रश्न ‘काय खाल्लं?’ हाच होता. कारण पाण्यातलं फ्लोराईड आहे हे कळायला १९३१ उजाडलं, तेही एका अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या केमिस्टने पाणी तपासलं तेव्हा.

फ्लोरोसिसच्या दाताची रचना उलटी असते. सगळ्यात बाहेरचा पापुद्रा खनिजाने जास्त भरलेला, अ‍ॅसिडला दाद न देणारा. त्याच्या खाली सच्छिद्र, कमी खनिजाचा थर. म्हणजे ३० सेकंदांत अ‍ॅसिड वरच्यावर घसरून जातं. जास्त वेळ ठेवलं आणि वरचा पापुद्रा गेला, तर खालचा थर आधीच कच्चा. वर आणखी एक घोटाळा आहे. अ‍ॅसिड नीट लागलं की नाही हे दात खडूसारखा पांढरा होतो यावरून ओळखायचं असतं. पण हा दात मुळातच खडूसारखा आणि चट्ट्याचट्ट्यांचा. खूण दिसली कशी समजायची? सौम्य फ्लोरोसिसमध्ये नेहमीची कृती बहुतेक चालून जाते. मध्यम आणि तीव्र असेल तर पृष्ठभाग हलकासा घासून घेणं, कणांचा फवारा, चिकटपणा वाढवणारं प्रायमर, किंवा फारच खड्डे असतील तर आधी कॉम्पोझिटचा पातळ थर देऊन त्यावर ब्रॅकेट, असे मार्ग आहेत. कुठला कधी, हे दात बघून ठरवावं लागतं. म्हणजे बघावं लागतं.

माझ्या मित्राला पुण्यात पहिल्या ठिकाणी काय सांगितलं माहितीये? "तुमच्या दातांवर ब्रॅकेट टिकणार नाहीत. त्यापेक्षा पुढच्या सहा दातांना कॅपा करू. रंगही जाईल, वाकडेपणाही झाकला जाईल." चोवीस वर्षांच्या मुलाचे सहा जिवंत दात चारी बाजूंनी तासायचे, कारण चिकटवायची कृती बदलायचा कंटाळा! तासलेलं एनॅमल परत येत नाही. कॅप आयुष्यभर टिकत नाही, दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागू शकते आणि दर वेळी खालचा दात आणखी थोडा जातो. रंगाची लाज वाटणाऱ्या मुलाला हा सौदा विकणं किती सोपं असतं, याचा विचार करा. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग याचा येतो. पाचशे रुपये परत मिळवता येतात.

(तो दुसरीकडे गेला. तिथे ब्रॅकेट्स टिकली, दोन निघाली, पुन्हा लावली, पैसे घेतले नाहीत. रंगाचं काय करायचं ते ब्रेसेस निघाल्यावर बघू असं ठरलं, आणि तोवर त्याचा तो विचारच मागे पडला.)

जन्मतः वेगळ्या घडलेल्या दातांची यादी इथे संपत नाही. काही घराण्यांत एनॅमल पातळ किंवा मऊ येण्याचा आनुवंशिक दोष असतो, अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा. काही मुलांच्या पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे दात पिवळट, ठिसूळ चट्टे घेऊन येतात. अशा एनॅमलमध्ये प्रथिनं जास्त असतात आणि ती अ‍ॅसिडच्या आड येतात. त्यासाठी काही डॉक्टर अ‍ॅसिडच्या आधी मिनिटभर ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराईट लावून प्रथिनं धुऊन काढतात. रूट कनाल करताना वापरतात तेच, दवाखान्यात हजर असलेलं. (घरी ब्लीचचे प्रयोग करू नका, हात जोडतो.) आणि खुंटीसारखा बारीक आलेला दात तर तुम्ही पाहिलाच असेल, सुळ्याच्या अलीकडचा. त्याचं एनॅमल ठणठणीत असतं, पण ब्रॅकेटची पाठ सरासरी दाताच्या वळणावर बेतलेली. खुंटीवर ती डुगडुगते, खाली गोंद एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. तो दात आधी कॉम्पोझिटने भरून आकारात आणला की भांडण मिटतं. अट एकच: त्या कॉम्पोझिटवर चिकटवताना तो दात नाही, कॉम्पोझिट आहे, हे लक्षात ठेवायचं.

"आम्हाला अलाइनर आहेत, आमचं काय?" असं वाटत असेल तर अलाइनर काढून आरशात बघा. दातांवर जे दातांच्याच रंगाचे बारीक उंचवटे आहेत, ते कॉम्पोझिटचेच, त्याच अ‍ॅसिडने चिकटवलेले. कॅपेवरचा उंचवटा त्याच कारणाने निघतो आणि तो निघाला की अलाइनर त्या दाताला नीट पकडत नाही. ‘तारांशिवाय सरळ दात’ म्हणणाऱ्या जाहिराती हे सांगत नाहीत.

आता डॉक्टरांची बाजू. मी दोघा-तिघांशी बोललो, आणि त्यांचे मुद्दे फेकून देण्यासारखे नाहीत. एक म्हणाले, ब्रेसेसचं काम पॅकेजवर चालतं. दोन वर्षांची रक्कम आधी ठरते, बाजूच्या गल्लीतला पाच हजार कमी सांगतो, मग प्रत्येक जादा मिनिट खिशातून जातं. मान्य. पण मग ते मिनिट पॅकेजमध्ये लिहा आणि आकारा. ‘कॅपेवर ब्रॅकेट, जादा तयारी, इतके रुपये’ असं बिल मी हसत देईन. न केलेल्या तयारीचा दंड हप्त्याहप्त्याने का देऊ? दुसऱ्या म्हणाल्या, हायड्रोफ्लोरिकची भीती वाटते, आणि पोर्सिलेनवर ब्रॅकेट फार घट्ट बसलं तर काढताना कॅपेचा टवका उडतो, मग पेशंट आमच्या गळ्यात पडतो. हा मुद्दा खरा आहे. जास्त चिकटणं म्हणजे चांगलं चिकटणं नव्हे, ते शेवटी काढायचंही असतं. पण याचाच अर्थ असा, की हे आधी बोलायला हवं. ‘तुमच्या कॅपेची चकाकी जाईल, शेवटी पॉलिश करू, टवका उडण्याची थोडी शक्यता आहे, नाहीतर दाढेला कडं घालू.’ हे वाक्य म्हणायला पंधरा सेकंद लागतात. अ‍ॅसिड लावून थांबण्याच्या निम्मा वेळ.

आणि क्रम. याबद्दल कुणी बोलतच नाही. माझ्या एका सहकारिणीने जानेवारीत रूट कनाल करून, वॉरंटी कार्डासकट महागडी झिर्कोनियाची कॅप बसवली. मार्चमध्ये त्याच दवाखान्यात ब्रेसेसचं ठरलं. मग त्याच कॅपेवर फवारा मारून चकाकी उतरवली. दोन वर्षांनी दाताची जागा बदलल्यावर ती कॅप समोरच्या दाताशी नीट जुळेल याचीही खात्री नाही. जानेवारीत कुणी विचारलं असतं, ‘पुढे दात सरळ करायचा विचार आहे का?’, तर तात्पुरत्या कॅपेवर भागलं असतं आणि पक्की कॅप शेवटी झाली असती. एकाच छताखाली दोन डॉक्टर, दोन फायली. सॉफ्टवेअरमध्ये दोन टीम एकमेकींशी न बोलता एकच कोड बदलतात तेव्हा काय होतं ते मी रोज बघतो.

तेव्हा वाचणाऱ्या तुम्हाला, जे उद्या-परवा ब्रेसेसची चौकशी करायला जाणार आहात, माझं सांगणं आहे. पैसे भरण्याआधी तुमच्या तोंडातलं काय काय तुमचं नाही ते सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. कॅप कशाची आहे हे माहीत नसेल तर जुन्या बिलावर बघा, पोर्सिलेन आणि झिर्कोनियाला वेगळी वागणूक लागते. दवाखान्यात फवाऱ्याचं यंत्र आहे का, आणि कॅपेवर ब्रॅकेट लावायची त्यांची पद्धत काय, हे विचारा. उत्तर ‘सगळ्यांना लावतो तसंच’ असं आलं तर उठा. पुन्हा चिकटवायचे पैसे कोणत्या परिस्थितीत घेणार, हे लिहून मागा. ‘ब्रॅकेट टिकणार नाहीत, कॅपा करा’ असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवल्याशिवाय एकाही दाताला बर लावू देऊ नका.

आणि डॉक्टर मंडळींना एकच मागणी. तुमच्या केसपेपरवर दातांचा तक्ता छापलेला असतोच, ११ पासून ४८ पर्यंत. त्यात ‘पृष्ठभाग’ असा एक रकाना वाढवा. पहिल्या दिवशी हवा मारून, आरसा फिरवून तो भरा. ११, एनॅमल. २१, खालचा अर्धा कॉम्पोझिट, पंधरा वर्षं जुना. २२, खुंटी. ३६, झिर्कोनिया. मी माझ्या स्वतःच्या दातांचा असा तक्ता आरशासमोर, मोबाईलचा टॉर्च धरून केला. सहा मिनिटं लागली, आणि मी काही शिकलेला नाही त्यातलं.